बेटावरचा खोत कोण?

स्कॉटलंडच्या पश्चिमेला समुद्रात एग नावाचं बेट आहे, तिथे मी महिनाभर राहायला जातेय, असं बाबांना फोनवर सांगितलं. त्यांनी तीन प्रश्न विचारले. मासे ताजे मिळतात का, पाऊस किती, आणि बेट कुणाचं.

"कुणाचं म्हणजे?"

"अगं बाय, कुणाच्या तरी नावावर असेल ना ते. खोत कोण तिथला?"

बाबा अलिबाग तालुक्यातल्या खारेपाटातले. शाळामास्तर म्हणून निवृत्त झाले, तरी हाडाने कूळच. आमच्या घरात जमिनीची गोष्ट निघाली की ती फिरून फिरून १९३३ सालावर येते. त्या वर्षी चरी आणि आसपासच्या गावांतल्या कुळांनी नारायण नागू पाटलांच्या मागे उभं राहून ठरवलं, की खोतांची शेतं कसायची नाहीत. ठरवलं आणि १९३९ सालापर्यंत निभावलं. माझा आजा तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांचा होता. ऐन ताकदीच्या वयात त्याने सहा पावसाळे शेताकडे नुसतं बघत काढले. ती गोष्ट त्याने मला सांगितली तेव्हा मी सहा वर्षांची असेन, आणि मला त्यातलं एवढंच कळलं होतं की खोत नावाचा एक माणूस असतो आणि आपण उभे असतो ती जमीन त्याची असते.

"तिथे खोत नाही बाबा. राहणाऱ्यांनीच बेट विकत घेतलंय."

फोनवर जरा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग बाबा म्हणाले, "किती माणसं?"

"शंभरच्या थोडी वर."

"आणि भांडत नाहीत?"

"बघून सांगते," मी म्हटलं.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ग्लासगोहून मालेगला जाणारी गाडी पकडली. नाव ऐकून आपल्याला मालेगाव आठवतं, पण हे मासेमारीचं छोटं बंदर आहे आणि तिथे रेल्वे संपते. पाच तासांहून जास्तीचा प्रवास. रॅनॉकच्या दलदलीतून गाडी जाते तेव्हा दोन्ही बाजूंना तासभर माणूस दिसत नाही. हरणं दिसतात, काळं पाणी दिसतं, तांबूस गवत दिसतं. मला आधी वाटलं होतं, ही निसर्गाने राखलेली निर्जनता. त्यातली पुष्कळशी माणसांना हाकलून तयार झालेली आहे, हे पुढे बेटावर कळलं.

मालेगहून बोटीने सव्वा तास. पाहुण्यांना गाडी नेता येत नाही, नेऊन करणार काय, बेटावर रस्ता एकच. बेट लांबीला नऊ आणि रुंदीला पाच किलोमीटर. लांबून पहिल्यांदा दिसतो तो अन स्गूर, ३९३ मीटर उंचीचा काळाकभिन्न सुळका. जवळ जावं तसं कळतं की सुळका म्हणजे एका लांब कण्याचं टोक आहे. बोटीच्या कठड्याला धरून मी तो बघत होते आणि माझ्या शेजारची बाई काहीतरी 'अद्भुत, अनोखं' असं म्हणत होती. मला मात्र ते अनोखं वाटेना. लोहगडाचा विंचूकाटा बघितलेल्या माणसाला कसं वाटेल?

नुसता भास नव्हता तो. हा सुळका पिचस्टोनचा आहे, म्हणजे काचेसारख्या थिजलेल्या लाव्हाचा, सुमारे पाच कोटी ऐंशी लाख वर्षांपूर्वीचा. त्याच्या खाली आणि बेटभर पसरलाय तो बेसॉल्ट. उत्तरेला क्लेडेलची वस्ती ज्या कड्याच्या पायथ्याशी आहे, तो थरांवर थर रचलेला कडा बघून माळशेजच्या खाली उभं राहिल्यासारखं वाटतं. आपला सह्याद्री सहा कोटी साठ लाख वर्षांच्या आसपासचा. भूशास्त्राच्या हिशोबात ही दोघं एकाच पिढीतली, चुलत भावंडं म्हणा. पावसात कड्यावरून उतरणारे पांढरे ओहोळही तसेच.

धक्क्यावर मला न्यायला माझी घरमालकीण आली होती. साठीच्या पुढची, उंच, हातावर मातीचे डाग, आणि गाडी अशी की मुंबई-गोवा रस्त्यावरच्या भंगारवाल्यानेही विचार केला असता. 'घरमालकीण' हा शब्द मी मनात वापरत होते तो पुढे मलाच टोचायला लागला, कारण केबिन तिची असली तरी खालची जमीन तिची नव्हती. आणि तिचीच होती. हे नीट सांगायला हवं.

एगच्या मालकांची यादी लांब आहे. जुन्या काळी क्लॅनरनाल्डच्या मॅकडोनाल्ड घराण्याचं बेट. एकोणिसाव्या शतकात त्यांनी विकलं, आणि मग ते या हातातून त्या हातात फिरत राहिलं. १९२५ ते १९६६ रन्सिमन या जहाजमालक घराण्याकडे होतं. त्यांनी बंगला बांधला, त्याच्याभोवती ताडाच्या जातीची झाडं लावली. ती झाडं अजून आहेत, थंडीत कुडकुडत उभी. १९७५ साली कीथ शेलेनबर्ग नावाच्या इंग्रज उद्योजकाने बेट घेतलं. त्याला जुन्या मोटारींचा आणि खेळांचा शौक. बेटावरच्या माणसांना घरांचे भाडेपट्टे धड मिळत नव्हते. आणि पट्टा नाही म्हणजे कर्ज नाही, कर्ज नाही म्हणजे छप्पर गळतंय ते गळू दे. उद्या मालकाची मर्जी फिरली तर घर सोडावं लागेल, मग आज त्याला चुना कोण लावेल? १९९४च्या जानेवारीत एका रात्री धक्क्याजवळच्या शेडमध्ये ठेवलेली त्याची विसाच्या दशकातली रोल्स-रॉइस जळून खाक झाली. कुणी जाळली ते आजवर सिद्ध झालेलं नाही. मी दोन-तीन जुन्या माणसांसमोर विषय काढून बघितला. सगळ्यांनीच हवामानावर बोलायला सुरुवात केली.

१९९५ साली शेलेनबर्गने बेट विकलं ते मारुमा नावाच्या एका जर्मन चित्रकाराला. त्याने येऊन मोठमोठी आश्वासनं दिली आणि मग तो फारसा फिरकलाच नाही. दोन वर्षांच्या आत बेट पुन्हा बाजारात आलं. तोवर बेटावरची माणसं शहाणी झाली होती. राहिली होती जेमतेम ६५. त्यांनी हायलँडची स्थानिक परिषद आणि स्कॉटिश वाइल्डलाइफ ट्रस्ट यांना सोबत घेऊन एक न्यास केला आणि लोकांपुढे हात पसरले. हजारो लोकांनी पैसे पाठवले. निम्म्याहून जास्त रक्कम एकट्या एका बाईने दिली, नाव गुप्त ठेवण्याच्या अटीवर. ती कोण, हे आजही बाहेर आलेलं नाही. सुमारे १५ लाख पौंडांना बेट घेतलं गेलं आणि १२ जून १९९७ रोजी ते रीतसर ताब्यात आलं. अजूनही दर जूनमध्ये त्या दिवसाची आठवण म्हणून रात्रभर केली असते. केली म्हणजे फिडल-अकॉर्डियनवर गाणं-नाचणं; करायची असते, म्हणून आपल्या कानाला नाव बरोबर वाटतं.

हे सगळं मी बाबांना एका रविवारी सांगत होते. त्यांना पैशांपेक्षा कायद्यात रस. "कूळकायदा नाही त्यांच्याकडे?"

आहे, पण निम्मा-निम्मा. १८८०च्या दशकात शेजारच्या स्काय बेटावरच्या कुळांनी खंड नाकारला, पोलिसांशी मारामारी झाली, चौकशीला आयोग बसला आणि १८८६च्या कायद्याने क्रॉफ्टरला, म्हणजे छोट्या तुकड्याच्या कुळाला, बेदखल होण्यापासून संरक्षण मिळालं. पण मालकी वरच्याकडेच राहिली. क्रॉफ्टच्या बाहेर राहणाऱ्याला तेवढाही आधार नव्हता. अन् गावाने मिळून जमीन घ्यायचा हक्क कायद्यात आला तो २००३ साली, म्हणजे एगने घेतल्यानंतर सहा वर्षांनी. एगवाल्यांकडे हक्क नव्हता, नुसती चिकाटी आणि लोकांनी दिलेले पैसे. स्कॉटलंडमधली सरंजामी जमीनधारणा रीतसर रद्द झाली तो दिवस २८ नोव्हेंबर २००४.

"दोन हजार चार?" बाबांनी पुन्हा विचारलं.

"हो."

"बाबासाहेबांनी खोती मोडायचं विधेयक मांडलं ते सदतीसला. खोती गेली एकोणपन्नासच्या कायद्याने. म्हणजे साहेब आपल्याहून पंचावन्न वर्षं मागे!" त्यांच्या आवाजातला आनंद मला ग्लासगोच्या पगारातून विकत आणता आला नसता. दोन्ही कायदे एकाच मापाचे नाहीत, तिथली सरंजामी धारणा शेवटी शेवटी बरीचशी कागदावरच उरली होती, हे मी बोलले नाही. पंचाहत्तरीच्या बापाशी इतकं काटेकोर कशाला व्हायचं.

आता केबिनबद्दल. एक खोली, एक न्हाणीघर, लाकडाची शेगडी, आणि खिडकीतून समोर लेगचा किनारा. त्याच्यामागे समुद्रात रम बेटाचे डोंगर. संध्याकाळी सूर्य त्यांच्यामागे जातो तेव्हा सगळा किनारा जांभळा होतो, आणि ओहोटीला मागे राहिलेल्या काळ्या-पांढऱ्या वाळूच्या रेघा पाण्यात काढलेल्या रांगोळीसारख्या दिसतात. नळाचं पाणी किंचित तपकिरी. ते चालतं, चहाला तर चांगलंच. मोबाइलला रेंज खिडकीच्या डाव्या कोपऱ्यात. तिथे उभं राहून मी बाबांशी बोलायचे.

भिंतीवर एक छोटं यंत्र होतं, त्यावर त्या क्षणी किती वीज जातेय त्याचा आकडा. घरमालकिणीने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, पाचच्या वर जाऊ नकोस. बेट मुख्य भूमीच्या विजेला जोडलेलं नाही. १ फेब्रुवारी २००८ आधी ज्याचा-त्याचा डिझेलचा जनरेटर होता. रात्री तो बंद केला की अंधार आणि फ्रीजही बंद. मग त्यांनी स्वतःची वीज उभी केली. ओढ्यांवर तीन जलविद्युत संच, त्यातला मोठा शंभर किलोवॅटचा, स्गूरच्या पायथ्याशी चार छोट्या पवनचक्क्या, एका उतारावर सौर पॅनल. सगळं एका बॅटरीघराला जोडलेलं आणि अडीअडचणीला डिझेल. खर्च सुमारे १६ लाख पौंड, म्हणजे बेटाच्या किमतीहून जास्त. वापरली जाणारी बहुतेक वीज पाणी, वारा आणि उन्हाची. वाटायला मर्यादित, म्हणून नियम सगळ्यांना सारखा: घराला एका वेळी पाच किलोवॅट, धंद्याला दहा.

चौथ्या दिवशी मला पोहे खायची लहर आली, नंतर वाटलं थंडी आहे तर शेजारी द्यायला केकही करावा. ओव्हन चालू, न्हाणीघरातला हीटर चालू, आणि मी चहाची किटली लावली. इंग्लंड-स्कॉटलंडची किटली एकटीच तीन किलोवॅट खाते. टक्. अंधार.

मर्यादा ओलांडली की घराची वीज तुटते आणि ती जोडायला देखभालीच्या गटातलं कुणीतरी यावं लागतं. त्याचा आकार द्यावा लागतो, पण लाज त्या आकाराहून मोठी असते. पाऊण तासाने पावसात डोक्याला दिवा लावून एक माणूस आला. सकाळी मी ज्याच्याकडून अंडी घेतली होती तोच. बेटावरच्या काही माणसांनी रीतसर प्रशिक्षण घेतलंय आणि आळीपाळीने ती हे काम बघतात. त्याचं जेवण अर्धवट राहिलं असणार, कारण हनुवटीला काहीतरी लागलेलं होतं. तो काहीही बोलला नाही. वीज जोडली, भिंतीवरच्या आकड्याकडे नुसतं बोट दाखवलं, आणि अर्धवट भाजलेल्या केककडे बघून म्हणाला, वाईट वाटलं.

तो गेल्यावर मी शेगडीपाशी बसून राहिले. ग्लासगोत असं झालं असतं तर मी फोन फिरवला असता, यंत्राने मला एक दाबा दोन दाबा केलं असतं आणि शेवटी लागलेल्या बिचाऱ्या मुलाला मी सुनावलं असतं. आपल्याकडे तर दिवे गेले की अख्खं घर एकसुरात शिव्या घालतं. तो एक कौटुंबिक आनंद आहे. इथे शिव्या घालायच्या कुणाला? अंडीवाल्याला? सकाळी पुन्हा त्याच्याच दारात जायचं होतं.

त्यानंतर मी त्या आकड्याकडे बघायला शिकले. किटली आधी, ओव्हन नंतर. आई गॅसचा सिलिंडर संपत आला की जशी स्वयंपाकाचा क्रम बदलायची तसं.

ऑक्टोबरात पर्यटक जवळजवळ नसतात, म्हणून मला काम मिळालं. एका क्रॉफ्टवर बटाटे काढले. दोनदा दुकानात खोके रचले; सामान बोटीने येतं, त्यामुळे बोट येते तो दिवस दुकानात बाजाराचा दिवस. एका संध्याकाळी सामुदायिक सभागृहात बैठक होती, तिथे मागच्या बाकावर बसू दिलं. मी डोळ्यांत काहीतरी भारावलेलं घेऊन गेले होते. स्वतःच्या बेटाचे मालक असलेले लोक काय बोलत असतील! ते दीड तास एका पायवाटेच्या मोरीबद्दल बोलले. मोरी कुणी साफ करायची, पाइप किती इंची घालायचा, मागच्या वेळी कुणी कबूल करून केलं नाही. मग कचरा. मग एका रिकाम्या होणाऱ्या घरात कुणाला घ्यायचं यावर चर्चा आली आणि खोलीतली हवा एकदम बदलली. घर एक आहे, मागणारे कितीतरी, आणि प्रत्येक जण कुणाचा तरी भाचा किंवा मित्र. माणसं सभ्य शब्दांत एकमेकांना टोचत होती. एक बाई मधेच उठून चहा टाकायला गेली ती परत आलीच नाही.

बाबांना दुसऱ्या दिवशी उत्तर दिलं. "भांडतात."

"मग ठीक आहे," ते म्हणाले, अगदी समाधानाने.

बेटावर माझ्यासारख्यांसाठी बघायच्या जागा पुष्कळ. वायव्येच्या किनाऱ्यावर गाणारी वाळू आहे. कोरडी असताना तिच्यावर पाय घासला की क्वार्ट्झचे कण एकमेकांवर घासून किर्र वाजतात. ह्यू मिलर हा भूशास्त्रज्ञ १८४४ साली इथे आला होता, त्याने त्या वाळूवर लिहिलंय. माझ्या नशिबी ती महिनाभर ओली होती, एकदाच जरा कुरकुरली. दक्षिणेला फ्रान्सिसची गुहा आहे. १५७७ साली स्कायच्या मॅकलाउडांनी गुहेत लपलेल्या मॅकडोनाल्डांना तोंडाशी आग लावून गुदमरून मारलं, ३९५ माणसं, अशी परंपरा सांगते. तोंड इतकं अरुंद की रांगत जावं लागतं. मी दोन हात आत गेले आणि मागे आले. तिथे जास्त लिहिण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

एगचं दुसरं नाव मात्र मला फार आवडलं. गेलिक या तिथल्या जुन्या भाषेत त्याला एलान नाम बान मोरा म्हणायचे, थोर बायकांचं बेट. सातव्या शतकात संत डोनन इथे आपल्या भिक्षूंसह मारला गेला, आणि मारणारी इथली राणी आणि तिच्या धिप्पाड बायका होत्या अशी दंतकथा. कोळी समुद्रात असताना बेटाचं खरं नाव घेत नसत, हेच नाव घेत. आमच्याकडे रात्री साप म्हणत नाहीत, जनावर म्हणतात. हे घरमालकिणीला सांगितलं तर ती इतकी खूश झाली की तिने जेवायला बोलावलं.

आणि एक जागा अशी, जिथे मी तीनदा गेले. स्गूरच्या दक्षिण उतारावर ग्रुलिन नावाचं गाव होतं. आता दगडी भिंतींचे गुडघाभर चौकोन उरलेत, त्यांत नेचे उगवलेत, मधून मेंढ्या चरतात. १८५३ साली मालकाने ही जमीन एका मेंढपाळ भाडेकरूला द्यायची म्हणून १४ कुटुंबांना उठवलं. त्यांतली बहुतेक कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाला गेली. उंबऱ्याचे दगड अजून ओळखू येतात. एका घराच्या मागे तर ओल्या मातीत वाफ्यांच्या ओळी दिसतात, पोटाच्या सुरकुत्यांसारख्या. बटाटे लावायच्या सऱ्या त्या. सरी पाडणारा गेला, पावणेदोनशे वर्षं होत आली, सरी आहे. रेल्वेतून दिसलेला तो तासभराचा निर्मनुष्य मुलूख मला तिथे बसल्यावर वेगळा दिसायला लागला.

आजाच्या शेताची मला तिथे आठवण आली, ते साहजिक होतं. पण आठवलं ते संपाचं नाही, बांधाचं. खारेपाटातली शेतं समुद्राच्या पातळीला, काही त्याच्याही खाली. भरतीचं पाणी अडवायला बांध आणि आतलं पावसाचं पाणी ओहोटीला सोडायला उघाडी. तो बांध पूर्वी गाव मिळून राखायचं, त्याला जोळ म्हणत. खेकडे बांधाला भोकं पाडतात, एक भोक राहिलं तर आषाढातल्या उधाणाला सगळ्यांची शेतं खारट होतात. मग कुणाचं भोक, हा प्रश्न उरत नाही. बाबा सांगतात की बांधावर चिखल टाकायला जो येत नसे त्याच्या घरी दुसऱ्या दिवशी दोन म्हातारे जाऊन नुसते ओटीवर बसायचे, काही बोलायचे नाहीत. पुढे जमिनी कुळांच्या नावावर झाल्या, बांधांची काळजी मात्र हळूहळू गावाच्या हातून वर गेली. "सातबारा आपला झाला," बाबा म्हणतात, "आणि बांध कुणाचाच राहिला नाही." आमची दोन शेतं आता कांदळवनात आहेत.

मला पहिल्यांदा वाटलं होतं की एगची गोष्ट ही आमच्या चरीच्या गोष्टीचं उशिरा आलेलं दुसरं टोक आहे. खोत गेला, माणसं मालक झाली. पण चरीनंतर जे आमच्याकडे निसटलं तेच एगवाले अजून दर महिन्याला त्या सभागृहात बसून धरून ठेवतायत. मोरी कुणी साफ करायची, हा तो दीड तास.

यात मी फार गोडवाही आणू नये. बेटावरचे आज बहुतेक लोक बाहेरून आलेले आहेत. मुळात गेलिक बोलणारी घरं हाताच्या बोटांवर. बेटावर शाळा फक्त प्राथमिक; अकरा-बारा वर्षांची झाली की मुलं मालेगच्या शाळेत जातात आणि आठवडाभर तिथेच वसतिगृहात राहतात. दोघी आयांनी मला सांगितलं की पहिल्या सोमवारची बोट त्या बघू शकत नाहीत. सगळ्यांना सगळ्यांचं सगळं माहीत असतं. मी केकपायी वीज घालवली हे मला भेटायच्या आधी लोकांना ठाऊक होतं. आणि त्या गुप्त बाईने धनादेश लिहिला नसता तर काय, हा प्रश्न उरतोच. कुळांची सुटका एका श्रीमंताच्या चांगुलपणावर टेकलेली असावी, हे मला अजूनही खुपतं. घरमालकिणीला मी तसं म्हटलंही. ती म्हणाली, दुसरे मालक पण श्रीमंतच होते, या बाईने निदान नाव सांगितलं नाही.

पण ६५ माणसांची आता शंभरावर झाली आहेत, आणि स्कॉटलंडच्या बेटांवर माणसं वाढणं ही साधी गोष्ट नाही. मुलं शिकायला जातात, त्यातली काही परत येऊन घर बांधतात. बांधतात म्हणजे स्वतः पत्रे ठोकतात. जमिनीचा पट्टा आता हातात आहे, म्हणून छप्पर गळलं की ते दुरुस्त करायचा निर्णयही हातात.

निघायच्या दिवशी वारा होता. सकाळी घरमालकिणीने मला आणि माझ्या दोन बॅगा धक्क्यावर सोडलं, समुद्र पांढरा झाला होता आणि रम दिसतच नव्हतं. अकराच्या सुमाराला निरोप आला की बोट आज येणार नाही, उद्याचं उद्या बघू. धक्क्यावरच्या इमारतीत आम्ही सात-आठ जण बसलो होतो, दोन कुत्रे धरून. बाहेर उभं राहवत नव्हतं आणि आत चांगली ऊब होती, मी कोट काढून मांडीवर घेतला. शेगडी कुठे दिसेना म्हणून विचारलं. काउंटरपलीकडच्या मुलीने छताकडे, मग खिडकीबाहेर स्गूरच्या दिशेने हात केला. वारा किंवा पाऊस जास्त झाला, बॅटऱ्या भरल्या, की उरलेली वीज आपोआप सार्वजनिक इमारतींच्या हीटरमध्ये सोडली जाते: सभागृह, चर्च, आणि ही जागा. ज्या वाऱ्याने माझी बोट अडवली होती त्यानेच खोली तापवली होती. मी चहा मागवला आणि इथेही रेंजचा कोपरा शोधून बाबांना फोन लावला.

"अडकलीस?"

"अडकले. उद्या किंवा परवा."

"पाऊस?"

"कालपासून धो धो."

"मग उघाडीवर कोण आहे?" बाबांनी विचारलं. ओढ्याचं पाणी जिथून पाइपात जातं तिथल्या जाळीबद्दल मी त्यांना मागे सांगितलं होतं. शरद ऋतूत ती पानांनी तुंबते, कुणीतरी जाऊन ती ओरबाडून काढावी लागते. तेव्हापासून त्यांच्या लेखी ती उघाडीच.

मी घरमालकिणीला विचारलं. ती रेनकोटच्या बाह्या ओढत उभीच होती. देखभालीच्या गटातल्या एकाची पाठ धरलीय, म्हणून त्याच्या बदली ती आणि अंडीवाला जाणार होते. जाता-जाता मला केबिनवर सोडणार होती.

"तिची पाळी आहे," मी फोनवर म्हटलं.

"आणि तू?"

"मी चहा पितेय."

बाबा काही बोलले नाहीत. ओटीवर येऊन बसणारे ते दोन म्हातारे मला स्पष्ट दिसले.

मी कप ठेवला, कोट घातला, आणि घरमालकिणीला विचारलं की गाडीत अजून एक खोरं आहे का.